अर्धा कप तरी घ्या

मॉर्मन पंथाचा प्रचारक पनवेलमध्ये का टिकणार नाही, या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तरं मिळतात. कायदा आडवा येतो, असं सुशिक्षित माणूस सांगतो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं धर्मप्रचाराचा हक्क दिला हे खरं, पण १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं बजावलं. दुसरा सांगतो, आपली माणसं धर्माला घट्ट चिकटून असतात. तिसरा म्हणतो, कुणीतरी दगड मारेल. हे म्हणताना त्याचा आवाज जरा चढलेला असतो. माझ्या मते यातल्या एकालाही पनवेल ओळखता आलेलं नाही. कायदा कोर्टात असतो, घट्टपणा भाषणात असतो आणि दगड मारायचा तर दुपारच्या उन्हात घराबाहेर पडावं लागतं. प्रचारकाचा पाडाव त्याच्या कितीतरी आधी होतो. तो घरात, पंख्याखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो आणि करणारी माणसं त्याच्याशी फार प्रेमानं वागत असतात. नकार पचवायचं शिक्षण घेऊनच तो आलेला असतो. होकार कसा पचवायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आधी त्या बिचाऱ्याचा आठवडा कसा जातो ते पाहू. 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पंथाचं पूर्ण नाव. ते नीट उच्चारून होईतो पनवेलहून सुटलेली लोकल खांदेश्वरला पोचते. २०१२पासून मुलग्यांना अठराव्या वर्षीच प्रचाराला निघता येतं. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कुठल्या देशात जायचं ते चर्च ठरवतं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. साधारण साडेसहाला उठायचं. पनवेलमध्ये ही उशिरा उठण्याची वेळ झाली, कारण फोर्टात नोकरी असलेला माणूस तोवर मानखुर्द ओलांडून गेलेला असतो. मग व्यायाम, प्रार्थना, ग्रंथवाचन, दिवसभर माणसांच्या भेटी आणि रात्री साडेदहाला दिवे बंद. जोडीदार नेमून दिलेला असतो आणि त्याच्या नजरेआड व्हायचं नाही अशी सक्त ताकीद असते. घरी एरवी फक्त पत्र जायचं, फोन वर्षातून दोनदा. २०१९च्या फेब्रुवारीपासून तो दर आठवड्याला करायची मुभा मिळाली. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तयारीचा. त्या दिवशी कपडे धुवायचे आणि बाजारहाट करायची. हे वेळापत्रक आखणाऱ्यानं जुलैतलं पनवेल पाहिलेलं नाही. सोमवारी धुतलेला पांढरा शर्ट इथे गुरुवारपर्यंत दोरीवर विचार करत लटकतो, आणि शुक्रवारी अंगात चढवल्यावर त्याचा जो वास सुटतो, त्यानं दोन वर्षांचं वैराग्य दोन आठवड्यांत साधतं.

हे कष्ट पनवेलकराला समजतात, कारण प्रवास आणि पाऊस यांच्यावर त्याचाही पिंड पोसलेला आहे. त्याला समजत नाही ते वेगळंच. हा मुलगा हे सगळं पदरच्या पैशानं करतो. अमेरिकेतल्या प्रचारकाच्या घरच्यांना त्याच्यासाठी दरमहा पाचशे डॉलर चर्चकडे भरावे लागतात, आणि मुलाला पगार नसतो. आता खांदा कॉलनीतल्या किंवा नवीन पनवेलमधल्या कुठल्याही दाराची बेल दुपारी चार वाजता कोण वाजवतं ते आठवा. विम्याचा एजंट, पाणी शुद्ध करणारं यंत्र दाखवणारा, साखळी पद्धतीनं साबण विकणारा लांबचा मेहुणा, आणि निवडणूक असेल तर हात जोडलेला उमेदवार. प्रत्येकाचं कमिशन कुठे आहे, हे घरातल्या आजींनाही ठाऊक असतं. ते ठाऊक असलं की मन निश्चिंत होतं, आणि 'नको' म्हणणं सोपं जातं. या दोन गोऱ्या पोरांचं कमिशन काही केल्या सापडत नाही. आधी संशय येतो, मग चौकशी होते. लग्न झालं का, घरी कोण कोण असतं, आई काळजी करत नसेल का. चौकशीअंती दोघंही बिनपगारी आहेत असं निष्पन्न झालं की घराला त्यांची मनापासून कणव येते. आणि महाराष्ट्रात कणव आली की ती सरळ स्वयंपाकघराकडे वळते.

इथे चहा येतो, आणि प्रचारकाचा खरा आठवडा इथून सुरू होतो. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ यानं १८३३ साली ओहायोतल्या कर्टलंड गावी आहाराविषयी एक साक्षात्कार जाहीर केला. त्यात दारू आणि तंबाखू वर्ज्य सांगितली, त्याबरोबर 'उष्ण पेयं'ही. पुढे त्या उष्ण पेयांचा अर्थ चहा आणि कॉफी असा पक्का झाला. दारू-तंबाखूला नाही म्हणणारा मुलगा पनवेलमध्ये लगेच लाडका होईल. त्याचं उदाहरण घरच्या मुलालाही दिलं जाईल. चहाला नाही म्हणणारा मात्र संकट उभं करतो. पहिल्या नकाराला आपण संकोच समजतो आणि दुसऱ्याला सभ्यपणा. तिसरा नकार आला की यजमानाला वाटतं, आपल्या घरचं याला चालत नाही की काय? त्या शंकेतून 'अर्धा कप तरी घ्या' हे वाक्य निघतं. मॉर्मन धर्मशास्त्रात या वाक्याला उत्तर नाही, कारण साक्षात्कारात पूर्ण कपाचा विचार झालेला आहे, अर्ध्याचा झालेला नाही.

यावर कोकणी माणूस आक्षेप घेईल की एवढं रडायचं कारण काय, आपल्याकडे कोकम सरबत आहे, सोलकढी आहे, पन्हं आहे. पावसात अगदी गरमच हवं तर चहाची पावडर न घालता नुसत्या गवती चहाचा काढा करा. आक्षेप बरोबर आहे. झाडपाल्याचे काढे त्यांना चालतातही. पण काढ्याच्या वाटेनं गेलं की पनवेलमध्ये भलतीकडे पोचायला होतं. हे धूतपापेश्वरचं गाव. १८७२पासून इथे आयुर्वेदिक औषधं तयार होतात. परदेशी पाहुण्याचं पोट तिसऱ्या दिवशी बिघडणार हे विधिलिखित आहे, आणि ते बिघडलं की शेजारच्या काकू मायेनं अरिष्टाची बाटली घेऊन येणार. आसवं आणि अरिष्टं मुरताना त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो, हे काकूंना सांगण्याची हिंमत मोठमोठ्या वैद्यांना होत नाही, तर त्या अठरा वर्षांच्या पोराला कुठून होणार? शिवाय सरबतानं प्रश्न सुटतो हे मला मान्यच नाही. आग्रह हा पदार्थाचा नसतोच. सरबत पिऊन झालं की पोहे येतात, पोह्यांनंतर 'जेवूनच जा' येतं, आणि ज्या घराचं मन वळवायचं त्याच्याच पंगतीत प्रचारक तासाभरात बसलेला असतो. जेवलेल्या माणसाला जेवू घालणाऱ्याच्या आत्म्याविषयी वाईट बोलणं जड जातं.

तरीही तो चिकाटीचा असतो, म्हणून ताट उचलल्यावर विषय काढतो. ईश्वर एक आहे, असं तो म्हणतो. यजमान म्हणतात, अगदी बरोबर. परमेश्वर आजही माणसांशी बोलतो, हा त्याचा दुसरा मुद्दा. यजमान म्हणतात, हो तर, आमच्या गुरुमाउलींना दृष्टान्त झाला होता. शेवटी तो १८३० साली छापलेला आपला ग्रंथ पुढे करतो. यजमान तो दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि देवघरात गुरुचरित्राच्या शेजारी ठेवतात. गुरुवारी त्यालाही फूल मिळतं. प्रचाराच्या प्रशिक्षणात शंका आली तर काय बोलावं, राग आला तर काय बोलावं, दार लोटलं तर काय करावं, हे सगळं शिकवत असतील. ग्रंथ वाचायच्या ऐवजी पुजला गेला तर काय करावं हे शिकवत असतील असं वाटत नाही.

इतिहास जाणणारे इथे मला अडवतील. आपण काही असे गोडबोले नव्हतो, ते म्हणतील. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली डॉ. जॉन विल्सन यांच्याशी मुंबईत जाहीर वाद केला, आणि १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना भिडले. विष्णुबावा तर आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचे. हे मी विसरलेलो नाही, उलट मला ते सोयीचंच आहे. त्या वादांतून निघालं काय? दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्याचं जाहीर केलं. विष्णुबावांबरोबरच्या वादाचं पुस्तक समोरच्या पक्षाच्या जॉर्ज बोवेन यांनीच छापलं. किनाऱ्यावर जमलेल्या श्रोत्यांना हवा, करमणूक आणि तत्त्वज्ञान तिन्ही फुकट मिळालं आणि अंधार पडल्यावर प्रत्येक जण ज्या धर्मात आला होता त्याच धर्मात घरी गेला. वाद हाही आपल्याकडे पाहुणचाराचाच प्रकार आहे. फक्त त्यात चहा मिळत नाही.

आता खुद्द मॉर्मनांकडे वळू, कारण ते या प्रांतात फार आधी येऊन गेलेले आहेत. १८५२च्या ऑगस्टमध्ये पनवेलची नगरपालिका स्थापन झाली, राज्यातली सगळ्यात जुनी म्हणून जिचा पनवेलकर अभिमान सांगतात ती. त्याच महिन्याच्या अखेरीस तिकडे सॉल्ट लेक सिटीत मॉर्मनांची परिषद भरली आणि हिंदुस्थानसाठी नऊ प्रचारक नेमले गेले. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन त्यांच्याही आधी निघालेला होता. तो सप्टेंबरात मुंबईला उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्याला गेला. त्या काळी पुण्याला रेल्वे नव्हती. मुंबईहून होडीनं पनवेल बंदर गाठायचं, तिथून गाडीनं किंवा मेण्यातून खोपोली आणि पुढे बोरघाट, ही रुळलेली वाट. फिंडले पनवेलवरूनच गेला असणार. चहा तेव्हा आपल्या घराघरांत शिरलेला नव्हता, त्यामुळे पनवेलमधून तो सुखरूप सुटला. पुण्यात मात्र त्याला त्रास झाला आणि तो कुणी दिला हे लक्षात घ्या. छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत राहू दिलं नाही. त्याला बिऱ्हाड करावं लागलं ते नेटिव्ह वस्तीत. त्याच्यावर तुटून पडले ते मुंबई-पुण्याचे गोरे पाद्री आणि गोरी वर्तमानपत्रं. एक कारण म्हणजे सॉल्ट लेकच्या त्याच ऑगस्टमधल्या परिषदेत पंथानं एकाहून अधिक बायका करण्याचं तत्त्व उघडपणे जाहीर केलं होतं. १८९० साली ते तत्त्व पंथानं सोडलं, पण १८५३ साली त्यावरून साहेबांच्या मडमा संतापल्या होत्या. पेशवाई पाहिलेल्या पुण्यातल्या वाड्यांमध्ये ही बातमी पोचली असती तर कुणाची भुवईही वर गेली नसती, आणि एखाद्या सरदारानं फक्त संख्या विचारली असती. मूठभर माणसांची शाखा जमवून फिंडले परत गेला, आणि १८५६पर्यंत हिंदुस्थानातली ती सगळी मोहीमच आटोपली.

मिशनऱ्यांच्या येण्यानं काहीच झालं नाही, असं मात्र कुणी समजू नये. आपण त्यांच्याकडून पुष्कळ घेतलं. द्यायला जे आणलं होतं तेवढं सोडून बाकी सगळं घेतलं. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि त्यांनी बायबल छापायला छापखाना घातला. त्यांची छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली पंचांग छापलं. त्याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली लहानपणी खिळ्यांचं काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर उभा केला आणि संस्कृत ग्रंथांच्या देखण्या आवृत्त्या काढल्या. येशूचं वचन घरोघरी जावं म्हणून ओतलेल्या खिळ्यांच्या विद्येनं घरोघरी गेली ती एकादशी आणि संकष्टी. मिशनऱ्यांचा आशीर्वाद वाया गेला असं कोण म्हणेल?

पण पनवेलपुरतं बोलायचं तर याहून भरभक्कम पुरावा गावातच उभा आहे. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले शनवार तेली, शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवत, शेमाची प्रार्थना म्हणत, सुंता करत. मात्र हिब्रू भाषा आणि ग्रंथ त्यांच्या हातून निसटलेले होते. मिशनऱ्यांना वाटलं, जुना करार मानणारी ही माणसं नव्या करारापासून एकाच पावलावर आहेत. त्यांच्यासाठी कोकणात शाळा काढल्या, त्यांच्यातूनच शिक्षक नेमले, बायबल मराठीत आणलं, आणि विल्सनसाहेबांनी १८३२ साली चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. बेने इस्रायली ते सगळं मन लावून शिकले. हिब्रू आल्यावर आपल्या धर्मात नक्की काय काय सांगितलेलं आहे ते त्यांना कळलं, आणि ते आधीपेक्षा कितीतरी पक्के ज्यू झाले. १८४९ साली पनवेलमध्ये बेथ एल सिनेगॉग बांधलं गेलं. १८८० साली तर त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढून बायबलातल्या आख्यानांवर झांज-चिपळ्यांच्या साथीत मराठी कीर्तनं सुरू केली. ख्रिस्ताकडे नेण्यासाठी बांधलेल्या पुलावरून अख्खा समाज उलट दिशेनं मोशेकडे निघून गेला, आणि वाटेत नारदाची गादीही घेऊन गेला. धर्मप्रचाराच्या इतिहासात इतका विद्वत्तापूर्ण आणि इतका लाभदायक पराभव मला दुसरा ठाऊक नाही.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. महाराष्ट्रात धर्मांतरं झाली, आणि ती ऐऱ्यागैऱ्यांची नव्हती: बाबा पदमनजी १८५४ साली, पंडिता रमाबाई १८८३ साली, नारायण वामन टिळक १८९५ साली. टिळकांविषयी एवढंच म्हणेन की ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग रचले, कीर्तनं केली, आणि अखेरीस मिशनची नोकरी सोडून स्वतःचा 'देवाचा दरबार' मांडला. म्हणजे आणखी एक संप्रदाय महाराष्ट्रात वाढला. पण नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांमधून जी माणसं गावच्या गावं मिशनकडे गेली, त्यांच्याबद्दल मला विनोद सुचत नाही. वर मी ज्या पाहुणचाराचे गोडवे गायले, तो पाहुणचार त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यांच्यासाठी गावात कपच वेगळा असे, तो कान तुटलेला असे आणि बाहेर कोनाड्यात ठेवलेला असे. ज्याला कुणी अर्ध्या कपाचाही आग्रह केला नाही, तो शाळा आणि दवाखाना घेऊन दारात आलेल्या माणसाबरोबर गेला यात नवल ते काय? तेव्हा माझं म्हणणं मी या बाजूनं आखडून घेतो: प्रचारक हरतो तो आग्रह होतो तिथे. जिथे आग्रह नव्हता तिथे तो हरला नाही. जोतीराव फुल्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, शिक्षण घेतलं, बाप्तिस्मा घेतला नाही, आणि पुढे सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात एकाच घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा आणि सगळ्यांनी गुण्यागोविंदानं नांदावं असं सुचवून गेले. असं घर पनवेलमध्ये अजून व्हायचं आहे. झालंच तर मॉर्मन प्रचारकानं बेल दाबण्याआधी घरातले चारही जण घरी नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.

मग उद्या मॉर्मन आले तर आपण त्यांच्याकडून काय घेऊ? माझ्या मते घेण्यासारखी एक गोष्ट त्यांच्याकडे आहे, आणि तिला पनवेलच काय, सगळं कोकण आसुसलेलं आहे. वंशावळ. बाप्तिस्मा न घेता मेलेल्या पूर्वजांचा उद्धार व्हावा म्हणून त्यांच्या नावानं जिवंत वंशजांनी बाप्तिस्मा घ्यायचा, अशी या पंथाची श्रद्धा. त्यासाठी पूर्वजांची नावं हवीत, आणि नावं हवीत म्हणून १८९४पासून त्यांची संस्था जगभरच्या नोंदी गोळा करते आहे. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांच्याही फिल्म त्यांनी काढून नेल्या. प्रचारक हे सगळं मोठ्या उत्साहानं समजावून सांगेल, आणि घरातले आजोबा म्हणतील, अरे, म्हणजे पितृपक्षच की! फरक इतकाच की तुमच्यात कावळा लागत नाही. आपण काहीतरी अपूर्व सांगतोय या समजुतीत सातासमुद्रापलीकडून आलेल्या पोराला हे ऐकून काय वाटेल, याची मला कल्पना करवत नाही. पण आजोबा त्याला सोडणार नाहीत. घराण्याचा कुलवृत्तान्त काढून, खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचं पुढे काय झालं, तो गुहागरहून नागपूरला गेला की बडोद्याला, याचा तपास त्या दोन मुलांवर सोपवतील.

तेव्हा वाचकहो, तुमच्या दाराशी टाय लावलेले दोन घामाघूम मुलगे उभे राहिले, तर दाराच्या भिंगातून बघून गप्प बसू नका. त्यांना कोकम सरबत द्या, चहाचा विषय काढू नका, ग्रंथ वाचणार नसाल तर तसं सरळ सांगा, आणि कुलवृत्तान्तातलं ते कोरं पान त्यांच्यापुढे ठेवा. फॅमिलीसर्च नावाचं त्यांचं भांडार सगळ्यांना खुलं आहे. त्यासाठी मॉर्मन व्हावं लागत नाही, आणि नोंदणीला पैसेही पडत नाहीत.